सोन्याचा मुलामा, तांब्याचा गाभा

युरोपातल्या प्राचीन केल्ट टोळ्यांत तांब्यावर सोन्याचा मुलामा दिलेली खोटी नाणीही चालत. मुळात केल्टांकडे नाणं आलं ते बाहेरून. मॅसिडोनियाचा राजा दुसरा फिलिप (इ.स.पू. 359–336) याची 'स्टेटर' ही सोन्याची नाणी भाडोत्री केल्ट सैनिकांच्या पगारातून गॉलपर्यंत (आजचा फ्रान्स आणि आसपासचा प्रदेश) पोचली असावीत, असं सहसा मानलं जातं. एका बाजूला अपोलोचं मस्तक, दुसरीकडे दोन घोड्यांचा रथ. नकलेची नक्कल होत गेली तसा रथ हरवला, एकटा घोडा उरला आणि अपोलोच्या जागी नुसत्या केसांच्या बटा आल्या. नक्कल होती, पण लबाडी नव्हती. सोनं खरं होतं.

कस उतरला तो हळूहळू. फिलिपचं नाणं साडेआठ ग्रॅमच्या वर भरे. रोमन सेनापती सीझरने गॉलवर स्वारी केली (इ.स.पू. 58–50) तेव्हाचं उत्तर गॉलमधल्या बेल्जिक टोळ्यांचं स्टेटर जेमतेम सहा ग्रॅमचं, त्यातही चांदी-तांब्याची भेसळ. माझ्या मते खोटी नाणी खपण्याचं कारण इथेच आहे. तांब्याची घनता 8.9, सोन्याची 19.3. शुद्ध सोन्यासमोर तांब्याच्या गाभ्याचं नाणं तळहातावर घेताच हलकं लागणार. पण खऱ्या नाण्यातच तांबं मिसळलं, की हा फरक घटतो आणि खोटं नाणं करणाऱ्याचं फावतं.

कसब तर हातात होतंच. तांब्याच्या भांड्यांना कथील लावून ती चांदीसारखी चकाकवणं, म्हणजे आपली कल्हईच, हा गॉलांचा (गॉलमधल्या केल्टांचा) शोध असं रोमन लेखक थोरला प्लिनी लिहितो. पुढे गॉलमधल्या अलेसिया गावात घोड्यांच्या साजाला चांदीही अशीच चढवू लागले, असंही तो सांगतो. नाण्यासाठी तांब्याच्या चकतीवर सोन्याचा पातळ पत्रा चढवून तापवायचं आणि वर ठसा मारायचा. आज अशा नाण्याची कड उडाली की आतून हिरवा गंज डोकावतो. त्या काळी संशय आला तर छिन्नीचा घाव घालून पाहत.

ही नाणी करत कोण होतं? काही मुलाम्याच्या नाण्यांवरचा ठसा अस्सल नाण्यांच्याच साच्याचा आहे. मग साचा चोरीला गेला, की सोनं कमी पडल्यावर सरदारानेच डोळेझाक केली? दोन्ही शक्य आहे.

दक्षिण इंग्लंडमधल्या हेलिंग बेटावरच्या देवस्थानात वाहिलेल्या नाण्यांत मुलाम्याची नाणी बरीच निघाली. फाटकी नोट दानपेटीत सरकवणाऱ्यांना याचं नवल वाटू नये. अर्थात काही भक्तांना आपलं नाणं खोटं आहे हे ठाऊकही नसेल.