कायद्याने पत्र, प्रत्यक्षात माल : छोट्या पाकिटाच्या टपालखर्चाची पार्श्वभूमी

परदेशातील ग्राहकाला दोनशे ग्रॅमची वस्तू पाठवताना ऑनलाइन विक्रेता टपाल काउंटरवर जी रक्कम भरतो, ती केवळ वजन आणि अंतर यांवरून ठरते अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात त्या रकमेतला बराच भाग दोन देशांच्या टपाल खात्यांनी आपसांत कोणता हिशेब मान्य केला आहे यावर अवलंबून असतो. हा हिशेब मुळात विक्रीच्या मालासाठी बांधलेलाच नव्हता. तो पत्रांसाठी होता. गेल्या काही वर्षांत विक्रेत्यांना एकामागून एक जे नियम आणि दरवाढी सोसाव्या लागल्या, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ या एका विसंगतीत सापडते.

१८७४ साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे २२ देशांनी टपाल करार करून आजचा जागतिक टपाल संघ उभा केला, तेव्हा त्यात एक अत्यंत सुटसुटीत तत्त्व होते. पत्र पाठवणाऱ्याकडून जो देश पैसे घेईल, त्यानेच ते ठेवावेत. पोचवणाऱ्या देशाला काही देण्याची गरज नाही, कारण प्रत्येक पत्राला उत्तर जाते आणि उत्तराचे पैसे त्या देशाला मिळतातच. पार्सलसाठी १८८० मध्ये वेगळा करार झाला आणि त्यात मात्र पोचवणाऱ्या देशाचा वाटा आरंभापासून धरलेला होता. म्हणजे पत्राला उत्तर येते, पार्सलला येत नाही, ही साधी गोष्ट त्या काळातल्या लोकांना नीट ठाऊक होती. पुढे पत्र-टपालाच्या वर्गातच ‘स्मॉल पॅकेट’ नावाचा प्रकार आला आणि दोन किलोपर्यंतची वस्तू, लांबी-रुंदी-जाडीची बेरीज ९०० मिलिमीटरच्या आत आणि कोणतीही एक बाजू ६०० मिलिमीटरच्या आत असेल तर, पार्सल न होता पत्रांच्या गटातून जाऊ लागली. ऑनलाइन विक्रीचा जगभरचा किरकोळ व्यवहार पुढे याच वाटेने वाढला.

पत्र-टपालात पोचवणाऱ्या देशाला मोबदला देण्याची पद्धत या संघाच्या १९६९ च्या टोकियो अधिवेशनात मान्य झाली. याच मोबदल्याला ‘टर्मिनल ड्यूज’ म्हणतात, आणि या शब्दाने विक्रेत्यांमध्ये जितका गोंधळ केला आहे तितका टपालाच्या दुसऱ्या कोणत्याही शब्दाने केला नसेल. पुष्कळांना ही ग्राहकाला भरावी लागणारी कस्टम ड्यूटी वाटते, काहींना विमानतळावरचे शुल्क वाटते. दोन्ही समज चुकीचे आहेत. ड्यूटी सरकारच्या तिजोरीत जाते आणि ती वस्तूच्या किमतीवर असते. टर्मिनल ड्यूज एका टपाल खात्याने दुसऱ्या टपाल खात्याला द्यायचे असतात. वर्गीकरण, स्थानिक वाहतूक आणि दारापर्यंतची पोच या कामांचा तो मोबदला असतो. विक्रेत्याच्या पावतीवर तो कधीही स्वतंत्र दिसत नाही, पण काउंटरवरच्या दरात तो मुरलेला असतो. म्हणूनच तो वाढला की विक्रेत्याला फक्त ‘पोस्टेज महागले’ एवढेच कळते आणि कारण कळत नाही.

सुरुवातीला ही आकारणी अगदी ढोबळ होती. दोन देशांमधल्या टपालाच्या वजनात जेवढी तफावत असेल तेवढ्यापुरते किलोमागे ठरावीक पैसे, मग त्या किलोत पन्नास पत्रे असोत की दोन जाड पाकिटे. पोस्टमनचे काम मात्र किलोवर नसते, नगावर असते. पन्नास पत्रांना पन्नास दारे लागतात. ही त्रुटी दूर करत करत १९९९ च्या बीजिंग अधिवेशनापर्यंत असे ठरले की औद्योगिक देशांनी एकमेकांना देण्याचे दर पोचवणाऱ्या देशाच्या देशांतर्गत दरांशी जोडावेत आणि विकसनशील देशांना सवलतीच्या दरांवर ठेवून टप्प्याटप्प्याने पुढे आणावे. तत्त्व म्हणून हे न्याय्यच होते. ज्या देशांच्या टपाल खात्यांना पायाभूत सोयीच उभारायच्या होत्या, त्यांना श्रीमंत देशांचे वितरण दर परवडणारे नव्हते.

याच सवलतीच्या आराखड्यात चीन विकसनशील देशांच्या बाजूला होता, आणि नेमक्या त्याच दशकांत तेथून हलक्या वस्तूंची थेट ग्राहकाला विक्री प्रचंड वाढली. २०१० च्या सुमारास अमेरिका आणि चीन यांच्या टपाल खात्यांनी दोन किलोपर्यंतच्या पाकिटांसाठी ट्रॅकिंगसह एक खास सेवाही सुरू केली. अमेरिकेतल्या विक्रेत्याला आपल्याच देशातल्या शेजारच्या राज्यात वस्तू पाठवायला जे पैसे पडत, त्यापेक्षा कमी पैशांत तीच वस्तू महासागर ओलांडून त्याच ग्राहकाच्या दारात येऊ लागली. या तक्रारीत तथ्य होते आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु स्वस्त दराचा सगळा दोष टर्मिनल ड्यूजवर टाकणे अपुरे होते. प्रचंड संख्येमुळे मिळणारा विमानभाडे-दर, निर्यातदाराच्या गोदामातच होणारे वर्गीकरण आणि तिथला स्वस्त देशांतर्गत खर्च हेही त्या कमी किमतीत सामावलेले होते. चर्चेत मात्र टर्मिनल ड्यूज हा एकच शब्द राहिला.

ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेने आंतरराष्ट्रीय टपाल करारातून बाहेर पडण्याची नोटीस दिली. नियमाप्रमाणे वर्षभराने, म्हणजे १७ ऑक्टोबर २०१९ रोजी, ती लागू झाली असती. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात विक्रेत्यांमध्ये खरी भीती होती, कारण अमेरिका बाहेर पडली असती तर तिच्याशी प्रत्येक देशाला वेगळा करार करावा लागला असता आणि तोपर्यंत पाकिटे कोणत्या आधारावर जातील याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. २४ आणि २५ सप्टेंबर २०१९ रोजी जिनिव्हात टपाल संघाचे विशेष अधिवेशन भरले. आधी मांडलेले पर्याय मतदानात टिकले नाहीत आणि शेवटी ‘पर्याय व्ही’ या नावाने ओळखली जाणारी तडजोड सर्वसंमतीने मान्य झाली.

या तडजोडीचा आशय असा, की लहान पाकिटांसाठी पोचवणाऱ्या देशाने आपला दर स्वतः जाहीर करावा. त्याला देशांतर्गत दराशी जोडलेली एक कमाल मर्यादा असावी. वर्षाला ७५,००० टनांहून अधिक पत्र-टपाल परदेशातून येणाऱ्या देशांना हा अधिकार १ जुलै २०२० पासून मिळाला, इतरांना २०२१ ते २०२५ या काळात टप्प्याटप्प्याने. ७५,००० टनांची अट कोणाला डोळ्यांसमोर ठेवून घातली होती हे सांगण्याची गरज नाही. अमेरिकेने करारात राहायचे मान्य केले आणि टपाल संघाला पाच वर्षांत ४ कोटी स्विस फ्रँक देण्याचेही कबूल केले.

वर्तमानपत्रांत या निर्णयाचे वर्णन अमेरिका आणि चीन यांच्यातला टपालवाद मिटला असे झाले. छोट्या विक्रेत्याच्या बाजूने पाहिले तर चित्र निराळे दिसते. टर्मिनल ड्यूजच्या आकारणीत नगामागे एक रक्कम आणि किलोमागे दुसरी रक्कम असते. नगाची रक्कम वाढली की तिचा सर्वाधिक भार हलक्या पाकिटावर पडतो, कारण ऐंशी ग्रॅमच्या कानातल्यांच्या डबीलाही पोस्टमनचा तोच एक फेरा लागतो. जड वस्तू पाठवणाऱ्याला ती वाढ किमतीत मुरवता येते. मोठ्या निर्यातदारांनी तर परदेशातच गोदामे घेतली, माल जहाजाने एकगठ्ठा नेला आणि तिथून देशांतर्गत दराने पाठवला; त्यांच्या लेखी पर्याय व्ही हा वळसा घालून जाण्याजोगा अडथळा होता. हाताने केलेल्या वस्तू, जुनी पुस्तके, टपाल तिकिटे, बी-बियाणे असे काही महिन्याला वीस-पंचवीस पाकिटांनी पाठवणाऱ्याला ना गोदाम घेता येते, ना दराची घासाघीस करता येते. ज्या वाहत्या लोंढ्याला बांध घालायचा होता तो बाजूने निघून गेला आणि ओढ्याकाठच्या लोकांचे पाणी आटले, असेच या निर्णयाबद्दल म्हणावे लागते. त्यातच नवे दर लागू झाले त्या महिन्यांत महासाथीमुळे प्रवासी विमाने जमिनीवर होती. विमानटपालाचा मोठा हिस्सा त्याच विमानांच्या पोटातून जात असल्यामुळे अनेक मार्ग बंद पडले आणि उरलेल्यांवर अधिभार लागले. त्या काळातल्या दरवाढीत जिनिव्हाचा वाटा किती आणि महासाथीचा किती, हे विक्रेत्याला वेगळे काढता येणे शक्यच नव्हते.

दर ठरवण्यात जाडीचा शिरकाव हा याच सुमाराचा नव्हे, थोडा आधीचा बदल आहे. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २००६ पासून वजनाबरोबर आकारही मोजला जाऊ लागला : ५ मिलिमीटरपर्यंत पत्र, २५ मिलिमीटरपर्यंत मोठे पत्र, त्यापुढे पाकीट. तेव्हापासून विक्रेत्यांच्या टेबलावर २५ मिलिमीटरची खाच पाडलेली प्लास्टिकची पट्टी आली. पाकीट त्या खाचेतून दाबल्याशिवाय सरकले पाहिजे. मधोमध फुगवटा राहिला, बबल रॅपचा एक वेढा जास्त झाला किंवा चिकटपट्टीची घडी बसली, की तेच वजन वरच्या दरात जाते. वस्तू फुटू नये म्हणून घेतलेली काळजी आणि टपालखर्च यांच्यातला हा झगडा ती पट्टी हातात धरणाऱ्या प्रत्येकाला रोज सोडवावा लागतो. खासगी कुरियर कंपन्यांनी २०१५ पासून अमेरिकेत जमिनीवरून जाणाऱ्या सर्व पार्सलांना आकारमानी वजन, म्हणजे खोक्याच्या लांबी-रुंदी-उंचीवरून काढलेले वजन, लावले, तेव्हा हलक्या पण मोठ्या खोक्यांचेही तेच झाले.

बाजारपेठ चालवणाऱ्या संकेतस्थळांनी यात आपली भर घातली. एके काळी काही विक्रेते वस्तू एका सेंटला आणि पोस्टेज भरमसाट लावून कमिशन चुकवत. म्हणून एका मोठ्या लिलाव-संकेतस्थळाने २०११ पासून पोस्टेजवरही कमिशन घ्यायला सुरुवात केली. खोटे पोस्टेज लावणाऱ्यांबरोबर खरे पोस्टेज लावणारेही त्यात सापडले. २०१९ मध्ये हस्तकलेच्या एका मोठ्या बाजारपेठेने अमेरिकी ग्राहकांना ३५ डॉलरवरच्या खरेदीला मोफत पोच देणाऱ्या दुकानांना शोधात वरचे स्थान द्यायचे ठरवले. टपाल महाग होत असतानाच ते ग्राहकाला दिसेनासे करण्याचा आग्रह असा वाढत गेला.

दराच्या पाठोपाठ कागदपत्रे आली. पाकीट कायद्याने पत्र असल्यामुळे त्यावरचे हिरवे सीएन २२ लेबल, म्हणजे आतल्या मालाची कस्टमसाठीची घोषणा, अनेक वर्षे हाताने, घाईघाईत, ‘गिफ्ट’पुढे खूण करून भरले जाई आणि ते क्वचितच कोणी वाचत असे. २०१८ पासून मालाच्या प्रत्येक पाकिटावर बारकोड आवश्यक झाला. त्याच वर्षी अमेरिकेने अमली पदार्थांची टपालातून होणारी चोरटी आयात रोखण्यासाठी कायदा केला आणि पाकीट पोचण्याआधी त्यातील वस्तू, किंमत, पाठवणारा आणि घेणारा यांची इलेक्ट्रॉनिक माहिती मागितली. मार्च २०२१ पासून युरोपीय संघानेही तशीच माहिती सक्तीची केली. ‘हस्तकला’, ‘नमुना’, ‘कपडे’ असे मोघम शब्द चालेनासे झाले आणि सहा आकडी एचएस कोड, म्हणजे मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला क्रमांक, शोधण्याचे काम विक्रेत्याच्या गळ्यात पडले. लाकडी फण्या विकणाऱ्या माणसाला फणी कोणत्या प्रकरणात मोडते आणि लाकडी शोभेची वस्तू कोणत्या, याचा अभ्यास करावा लागणे ही छोटी गोष्ट नाही; चुकीच्या कोडामुळे पाकीट परत येते आणि परतीचा खर्चही बहुधा त्याच्याच माथी येतो.

करसवलतींचा इतिहास याला समांतर चालला. ब्रिटनमधील अल्प किमतीच्या मालाची करसूट घेऊन इंग्लंड-फ्रान्समधल्या खाडीतील चॅनेल बेटांवरून सीडींचा मोठा व्यापार उभा राहिला होता. एप्रिल २०१२ मध्ये त्या बेटांपुरती ती सूट काढण्यात आली. ऑस्ट्रेलियाने जुलै २०१८ पासून, ब्रिटनने जानेवारी २०२१ पासून आणि युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून छोट्या आयातीवरही विक्रीच्या वेळीच कर घेण्याची पद्धत आणली. युरोपातली २२ युरोपर्यंतची करमाफी त्यात गेली. अमेरिकेची दिशा आधी उलटी होती. तिने २०१६ मध्ये ड्यूटीमाफीची मर्यादा २०० डॉलरवरून ८०० डॉलर केली, आणि म्हणूनच तिथला बदल सर्वांत कठोर वाटला. मे २०२५ मध्ये चीन आणि हाँगकाँगसाठी, तर २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी ही माफी बंद झाली. टपालाने जाणाऱ्या पाकिटावरची ड्यूटी आता पाकीट पोचण्याआधी गोळा करून भरायची होती आणि बहुतेक टपाल खात्यांकडे त्यासाठी यंत्रणाच नव्हती. भारतासह अनेक देशांच्या टपाल खात्यांनी अमेरिकेला माल पाठवणे तात्पुरते थांबवले. पहिल्या सहा महिन्यांसाठी वस्तूच्या मूळ देशानुसार नगामागे ८०, १६० किंवा २०० डॉलर एकरकमी भरण्याचाही पर्याय होता. वीस डॉलरची वस्तू विकणाऱ्याला तो पर्याय म्हणता येणार नाही.

युरोपात दरम्यान डिसेंबर २०२४ पासून उत्पादन-सुरक्षेचा नवा नियम आला आणि बाहेरून माल पाठवणाऱ्या विक्रेत्याला युरोपीय संघात एक जबाबदार प्रतिनिधी नेमणे भाग पडले. मोजकी पाकिटे पाठवणाऱ्या अनेकांनी प्रतिनिधीचे वार्षिक शुल्क भरण्याऐवजी युरोपच आपल्या यादीतून काढून टाकला. त्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये १५० युरोपर्यंतच्या मालावरची ड्यूटीमाफी हटवून १ जुलै २०२६ पासून ३ युरोची सरसकट आकारणी करण्याचे तिथे ठरले. ही आकारणी पाकिटामागे धरलेली नाही. पाकिटातल्या प्रत्येक वेगळ्या वर्गाच्या वस्तूमागे ती आहे. एका पाकिटात दोन लोकरी मफलर असतील तर ३ युरो, आणि एक मफलर आणि एक लाकडी फणी असेल तर ६.