शातो दिकेम

शातो दिकेम : फ्रान्समधील एक प्रख्यात द्राक्षमळा आणि तेथे तयार होणारी गोड पांढरी वाइन. बोर्दो शहराच्या आग्नेयेस सुमारे ४० किमी. अंतरावर, जीरोंद विभागातल्या सोतेर्न गावाच्या हद्दीत एका टेकडीवर हा मळा आहे. माथ्यावर गोल बुरुजांची जुनी गढी आणि खाली उतारांवर सुमारे १०० हेक्टर वेली. त्यांत सेमियाँ जातीचा वाटा साधारण तीन-चतुर्थांश असून बाकीच्या वेली सोव्हिन्यों ब्लाँच्या आहेत. गोड वाइन जगात पुष्कळ ठिकाणी होते. इकेमचे (‘दिकेम’ म्हणजे ‘इकेमची’) मोठेपण कळायचे असेल, तर ती मिळवण्यासाठी हा मळा किती पीक सोडून देतो ते आधी पाहावे लागते.

सगळे सुरू होते धुक्यापासून. सिरों ही झाडांच्या सावलीतून वाहणारी थंड पाण्याची छोटी नदी जवळच गारोन नदीला मिळते. गारोनचे पाणी तिच्याहून उबदार असते. शरद ऋतूत या दोन पाण्यांच्या भेटीतून रात्री धुके उठते, पहाटे मळ्यांवर पसरते आणि दुपारच्या उन्हात विरून जाते. सकाळची ओल आणि दुपारची ऊब लाभली, की पिकलेल्या मण्यांवर बोट्रायटिस सिनेरिया नावाची बुरशी धरते. एरवी कोणताही द्राक्ष बागायतदार ही बुरशी दिसताच हबकेल, कारण सततच्या पावसात ती अख्खा घड सडवते. इथे मात्र तिची वाट पाहिली जाते. तिच्यामुळे मण्याच्या सालीला सूक्ष्म छिद्रे पडतात, आतले पाणी उडून जाते आणि साखर, आम्ल व स्वाद दाट होत मागे उरतात. मणी आधी तपकिरी, मग जांभळट होतो आणि शेवटी सुरकुतून वर राखाडी लव धरतो. दिसायला तो टाकाऊच वाटतो.

अडचण अशी, की बुरशी सगळ्या मण्यांवर एकाच वेळी धरत नाही. एकाच घडात चार मणी तयार, दहा कच्चे आणि दोन नासलेले असू शकतात. म्हणून खुडणी एका दमात उरकता येत नाही. दीडशेच्या आसपास अनुभवी मजूर टोकदार कात्री घेऊन ओळीओळीने फिरतात, फक्त योग्य तेवढे मणी किंवा घडाचा तेवढाच तुकडा कापतात आणि बाकीचे वेलीवर ठेवतात. काही दिवसांनी पुन्हा त्याच ओळी. अशा पाच-सहा फेऱ्या नेहमीच्या, कधी त्याहून जास्त. खुडणी सप्टेंबरात सुरू होऊन नोव्हेंबरपर्यंत रेंगाळू शकते आणि मध्ये पाऊस लागला, तर कात्र्या बाजूला ठेवून थांबावे लागते. डोळ्यांनी बरीवाईट बुरशी ओळखणारे हे मजूर मला या मळ्याचे खरे जाणकार वाटतात. पुढे तळघरात जे काही होते, त्याचा पाया त्यांनीच घातलेला असतो.

एवढे करून हेक्टरी उत्पन्न सरासरी ९ हेक्टोलिटर, म्हणजे ९०० लिटरच्या आसपास. सोतेर्नच्या नियमांनुसार २५ हेक्टोलिटरपर्यंत मुभा आहे. एका वेलीमागे एक पेला वाइन, असा हिशेब त्यामुळेच सांगितला जातो. सुकलेल्या मण्यांचा रस सहजासहजी निघत नाही, तो तीनदा दाबून काढतात. बहुतेक वाइनींत पहिला रस उत्तम मानतात. इथे दर दाबाला रस अधिक गोड होतो आणि सर्वांत दाट साखर शेवटच्या रसात असते. ओकच्या नव्या पिंपांत तो आंबतो. मद्यार्क १४ टक्क्यांच्या आगेमागे पोचला, की आंबण्याची क्रिया थांबते आणि न आंबलेली साखर लिटरमागे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास शिल्लक राहते. पूर्वी वाइन पिंपांत साडेतीन वर्षे ठेवत, हल्ली हा काळ काहीसा कमी केला आहे. तेवढ्या अवधीत गाळ काढून ती पुन:पुन्हा दुसऱ्या पिंपात घेतात आणि मनाला न उतरलेली पिंपे बाजूला काढतात.

कधी कधी एकही पिंप पसंतीस उतरत नाही. १९१०, १९१५, १९३०, १९५१, १९५२, १९६४, १९७२, १९७४ आणि १९९२ या नऊ वर्षांची दिकेम नाहीच. मेहनत पूर्ण झालेली, खर्च झालेला, पण त्या नावाची बाटली निघाली नाही.

मध्ययुगात हा सगळा अ‍ॅक्विटेन प्रदेश सुमारे तीन शतके इंग्लंडच्या राजांकडे होता आणि १४५३ मध्ये तो फ्रेंच राजसत्तेकडे आला. १५९३ मध्ये झाक सोव्हाज या स्थानिक उमरावाला इकेमची वहिवाट मिळाली आणि १७११ मध्ये त्याच्या वंशजांकडे मालकी आली. १७८५ मध्ये फ्रान्स्वाझ झोझेफीन द सोव्हाज दिकेम हिचे लग्न लुई आमेदे द ल्यूर-साल्यूस याच्याशी झाले आणि मळा ल्यूर-साल्यूस घराण्यात गेला. तीनच वर्षांत, १७८८ मध्ये, घोड्यावरून पडून तो वारला. झोझेफीन तेव्हा विशीची होती. पुढच्याच वर्षी क्रांती झाली. उमराव घराण्यातली म्हणून तिला दोनदा तुरुंगात जावे लागले, तरी मळा तिने हातचा जाऊ दिला नाही. १८२६ मध्ये तिने वाइनसाठी स्वतंत्र कोठार बांधून घेतले. १८५१ मध्ये तिचे निधन झाले, तोवर इकेमचा लौकिक युरोपभर आणि अमेरिकेत पसरला होता. दिकेमच्या इतिहासात नंतर पुष्कळ कर्तबगार पुरुष येतात, पण मळा टिकवण्याचे श्रेय आधी तिला द्यायला हवे.

अमेरिकेचा तेव्हाचा फ्रान्समधील राजदूत टॉमस जेफरसन १७८७ मध्ये बोर्दोला येऊन गेला. त्याच वर्षी त्याने इकेमकडे १७८४ च्या वाइनच्या २५० बाटल्या मागवल्या. पुढे त्याने जॉर्ज वॉशिंग्टनसाठीही इथून वाइन मागवली. मालक रशियाहून उशिरा परतला, तोवर द्राक्षे कुजली आणि १८४७ ची अपूर्व वाइन अपघाताने झाली, अशी एक लोककथा आहे. ती ऐकायला छान असली, तरी तिच्यावर विसंबू नये. बुरशी धरलेल्या द्राक्षांची गोड वाइन हंगेरीत टोकाय येथे त्याच्या कितीतरी आधीपासून होत होती आणि इकेमची ख्यातीही १८४७ च्या आधीची आहे. १८४७ ची वाइन उत्तम होती हे मात्र खरे. रशियाचा ग्रँड ड्यूक कॉन्स्टन्टाइन याने १८५९ मध्ये तिच्या ९०० लिटरसाठी २०,००० फ्रँक मोजले. त्याआधी, १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी वाइनींची जी प्रतवारी लावली, तीत सोतेर्नच्या मळ्यांपैकी एकट्या इकेमला ‘प्रम्ये क्र्यू स्युपेरिअर’ हा सर्वांहून वरचा दर्जा मिळाला. आजही तो तिच्याकडेच आहे. एकोणिसाव्या शतकातच चिकणमातीच्या थरात साचणारे पाणी काढून देण्यासाठी मळ्याखाली सुमारे १०० किमी. लांबीच्या मातीच्या नळ्या घालण्यात आल्या. या नळ्या नसत्या, तर पावसाळी वर्षांत मुळे पाण्यात राहिली असती.

पहिल्या महायुद्धात गढीत लष्करी रुग्णालय होते. १९५९ पासून ‘Y’ (या अक्षराचा फ्रेंच उच्चार ‘इग्रेक’) या नावाने तुलनेने कोरडी पांढरी वाइनही काढली जाऊ लागली.

ताजी दिकेम पिवळसर सोनेरी असते. जर्दाळू, मध, संत्र्याची साल आणि थोडे केशर असे तिचे वास सांगतात. गोडी भरपूर असूनही आम्लामुळे ती जिभेवर चिकट वाटत नाही. वयाबरोबर रंग अंबरासारखा आणि पुढे कोऱ्या चहासारखा गडद होतो आणि स्वाद अक्रोड व जळक्या साखरेकडे झुकतात. चांगल्या वर्षाची बाटली शंभर वर्षेही टिकते. १८११ ची एक बाटली २०११ मध्ये ७५,००० पौंडांना विकली गेली. पांढऱ्या वाइनच्या बाटलीसाठी तोवर मोजलेली ती सर्वांत मोठी किंमत होती.

१९९६ मध्ये घराण्यातल्या अनेक भागधारकांनी आपले हिस्से एलव्हीएमएच या चैनीच्या वस्तूंच्या उद्योगसमूहाला विकायचे ठरवले. १९६८ पासून मळा सांभाळणारे काउंट अलेक्सांद्र द ल्यूर-साल्यूस यांनी विरोध केला आणि वाद १९९९ मध्ये तडजोडीने मिटला. ते २००४ पर्यंत प्रमुख राहिले, त्यानंतर प्येर ल्यूर्तों यांच्याकडे सूत्रे आली. भागधारकांना उत्तर देणारी कंपनी अख्ख्या वर्षाचे उत्पन्न सोडून देण्याची जुनी शिस्त पाळील का, ही शंका रास्त होती. २०१२ मध्ये पावसाने हंगाम बिघडला. वाइन पसंतीस उतरली नाही आणि त्या वर्षाची दिकेम निघणार नाही, असे मळ्याने जाहीर केले.