फड पद्धती (खानदेश)

फड पद्धती : नदीवरील बंधाऱ्याच्या लाभक्षेत्रात अनेक खातेदारांच्या जमिनींचे गट पाडून, प्रत्येक गटात हंगामाला एकच पीक घेण्याची व त्यास सामुदायिक नियमांनी पाणी देण्याची खानदेशातील सिंचनव्यवस्था. अशा गटास फड म्हणतात. तापी खोऱ्यातील पांझरा, मोसम व आरम या नद्यांवर ती मुख्यतः आढळते. मोसम व आरम यांचा बागलाण-मालेगाव टापू १८६९ पासून नाशिक जिल्ह्यात असला, तरी सिंचनाच्या इतिहासात तो खानदेशापासून वेगळा काढता येत नाही.

पद्धतीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. स्थानिक परंपरा बंधाऱ्यांचे श्रेय मुसलमानी अमलास देते आणि काही अभ्यासक ते फारुकी राजवटीपर्यंत (१३८२–१६०१) मागे नेतात. इतर अभ्यासक ही पद्धती सुमारे तीन-चारशे वर्षांची मानतात. तिची घडी पेशवाईत बसली, असेही मत आहे. या वादात बंधाऱ्याचे बांधकाम आणि पाणीवाटपाचे नियम या दोन गोष्टी बहुधा एक धरल्या जातात. बंधारा राजसत्तेच्या पैशाने उभा राहू शकतो. वाटपाचे नियम मात्र गावकीत पिढ्यान्‌पिढ्या मुरत जातात. त्यामुळे दोहोंचा काळ एकच मानण्याचे कारण नाही. शिवाय १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला तेव्हा दुष्काळ व लुटालुटीने उजाड झालेल्या या मुलखात अनेक बंधारे फुटलेले होते आणि पुढे काहींची दुरुस्ती झाली. म्हणून आजच्या चुनेगच्ची बांधकामावरून मूळ काळाचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरते. बंधारे जुने, नियम त्यामानाने अलीकडचे, ही मांडणी अधिक सयुक्तिक वाटते.

बंधाऱ्यावरून निघणाऱ्या मुख्य कालव्यास पाट व त्याच्या फाट्यांस चारी म्हणतात. चारीतून सारंगांवाटे (शेतापर्यंत जाणाऱ्या लहान चरांवाटे) पाणी शेतात पोचते आणि जादा पाणी सांडव्याने नाल्यात वा नदीत परत जाते. एकाखाली एक बंधारे असल्याने वरचा पाझर खालच्या बंधाऱ्यास मिळे. लाभक्षेत्राचे साधारणतः तीन किंवा चार फड असतात. एका फडात ऊस, तर इतरांत भात, गहू, हरभरा अशी हंगामी पिके असून वर्षागणिक फेरपालट होते. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी असावी, असा संकेत आहे. त्यामुळे पाणी कमी पडून एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तरी तोटा एकट्यावर पडत नाही. वाटप पाटकरी पाहतो, पिकांची राखण जागल्या करतो, दोघांवर हवालदाराची देखरेख असते. प्रत्यक्ष भरणे बारेकरी करतो, खातेदार नव्हे. आपले शेत आधी भिजवून घेण्याची ओढाताण त्यामुळे बरीच टळते. पाटातील गाळ काढणे हे लाभधारकांचे सामायिक काम असते.

स्वातंत्र्योत्तर काळात पांझरेवर लाटीपाडा, कान नदीवर मालनगाव, मोसमवर हरणबारी व आरमवर केळझर अशी धरणे झाली. नदीच्या प्रवाहावर चालणारी फडपद्धती त्यानंतर धरणातून सुटणाऱ्या पाण्याशी बांधली गेली. विहिरींवर विजेचे पंप बसल्यावर तर स्वतंत्र पीक घेण्याची मोकळीक मिळाली आणि फडाची शिस्त सैल झाली.

महाराष्ट्राच्या २००५ च्या कायद्याने सिंचन व्यवस्थापन पाणी वापर संस्थांकडे देऊन घनमापन पद्धतीने (आकारमानानुसार मोजून) पाणी देण्याची तरतूद केली. तत्त्वतः ती फडपद्धतीस जवळची आहे. अनुदानाचे धोरण मात्र सातबाऱ्यावरील खातेदार धरून चालते. ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेत ठिबक व तुषार संचांस मापदंडानुसार होणाऱ्या खर्चाच्या ५५ टक्के (अल्प व अत्यल्प भूधारक) व ४५ टक्के (इतर) अनुदान असून राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेच्या पूरक अनुदानाने ते अनुक्रमे ८० व ७५ टक्क्यांपर्यंत जाते. मर्यादा पाच हेक्टर. फडास गट म्हणून यात स्थान नाही. पाळीने, मोकळ्या प्रवाहाने येणारे पाणी ठिबकलाही थेट चालत नाही. त्यास साठवण व दाब लागतो, म्हणजे शेततळे आणि पंप आले.

पूर्व खानदेशात, विशेषतः रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात, सिंचन मुख्यतः विहिरी व कूपनलिकांवर आहे. तेथे ठिबकचा प्रसार लवकर झाला. भूजलाची पातळी खोल जात असल्याने पाण्याची बचत आणि बागायतीची वाढ यांचा मेळ हा तेथील प्रश्न आहे.