एक झोंबी आणि दहा हजार झोंबी

ओटीटीवर ‘हॉरर’च्या यादीत ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ आणि ‘वर्ल्ड वॉर झी’ हे दोन सिनेमे बिनदिक्कत शेजारी शेजारी सापडतात. कथेचा सांगाडा बघितला तर त्यात चूकही दिसत नाही. दोन्हींकडे मेलेले जिवंतांना चावतात, चावलेला माणूस त्यांच्यातलाच एक होतो आणि सरकारची तारांबळ उडते. तरी पहिला भयपट आहे आणि दुसरा झोंबी असलेला ॲक्शनपट. घाबरायच्या तयारीने दुसरा लावलात तर अडीचशे रुपयांचं पॉपकॉर्न निवांत संपतं.

फरक विचारला की लोक लगेच वेगावर येतात. जुने झोंबी पाय ओढत चालायचे, नवे धावतात, म्हणून नवे सिनेमे ॲक्शनचे. पण डॅनी बॉईलच्या २००२ च्या ‘ट्वेंटी एट डेज लेटर’मधले बाधित लोक जिवाच्या आकांताने धावतात आणि तो सिनेमा अस्सल भयपट आहे. (ते मेलेले नसून आजारी आहेत, त्यामुळे झोंबीच नव्हेत, असा वाद कट्टर मंडळी घालतात. घालू द्यावा.)

माझी कसोटी वेगळी आहे. एक झोंबी मारताना मारणाऱ्याचं काय जातं?

जॉर्ज रोमेरोने १९६८ चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या आसपास सव्वा लाख डॉलरच्या आत उरकला. कृष्णधवल चित्रण, रक्ताच्या जागी चॉकलेट सिरप, आणि जवळजवळ सगळी गोष्ट एका शेतघरात. बाहेर जमलेली गर्दी तशी बेताचीच आहे. पण त्या गर्दीतून नायिका बार्बराला ओढून नेणारा तिचा सख्खा भाऊ असतो, आणि तळघरात आजारी पडलेली पोर उठून आईवर गवंडीकामाची थापी चालवते. आई प्रतिकारसुद्धा नीट करत नाही. करणार कशी? ‘ट्वेंटी एट डेज लेटर’मध्ये फ्रँक नावाचा प्रेमळ बाप वर बघतो आणि प्रेतावर बसलेल्या कावळ्यामुळे बाधित रक्ताचा एक थेंब त्याच्या डोळ्यात पडतो. आपल्याकडे काही सेकंदच उरलेत हे त्याला कळतं. तेवढ्यात तो मुलीला सांगतो की माझं तुझ्यावर खूप प्रेम आहे, आणि मग तिला जवळ येऊ देत नाही. इथे झोंबी एकच, तोही अजून पुरता झालेला नाही, आणि आपण मात्र खुर्चीत अंग चोरून बसलेलो असतो.

आता ‘वर्ल्ड वॉर झी’, २०१३ चा. खर्च सुमारे १९ कोटी डॉलर, कमाई ५४ कोटींच्या घरात. त्यातलं जेरुसलेमचं दृश्य मी आजही कौतुकाने बघतो. शहराभोवती भिंत आहे, आत सुटकेच्या आनंदात लाउडस्पीकरवर गाणं सुरू होतं, त्या आवाजाने बाहेरचे झोंबी पिसाळतात आणि वारूळ फुटावं तसे एकमेकांच्या अंगावर चढत भिंत ओलांडतात. दृश्य जबरदस्तच आहे. पण त्या ढिगातला एकही चेहरा आठवत नाही, आठवावा अशी अपेक्षाही नाही. कॅमेरा हेलिकॉप्टरच्या उंचीवर आहे, आणि प्रश्न शहर पडणार का, हा आहे. अमका माणूस मेला तर काय, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही.

यामागे पैशाचं सरळ गणित आहे. एवढा खर्च वसूल करायचा तर पोराबाळांसकट सगळ्यांना थिएटरात आणावं लागतं. म्हणून अमेरिकेत या सिनेमासाठी पीजी-१३ प्रमाणपत्र (तेरा वर्षांखालच्यांच्या पालकांना इशारा, पण मुलांना बंदी नाही) घेतलं गेलं, आणि ते घेतलं की रक्त, लचके, चावा हे सगळं चौकटीबाहेर जातं. झोंबीपटातून चावाच काढला तर उरतो तो पाठलाग. मग तो पाठलाग भव्य करण्यावाचून इलाज राहत नाही.

गंमत अशी की याच सिनेमात एक छोटा भयपट दडलेला आहे. मूळ शेवट रशियातल्या मोठ्या लढाईचा होता. तो जमला नाही म्हणून बाजूला ठेवला गेला, नवे लेखक आले आणि शेवटचा भाग पुन्हा लिहून पुन्हा चित्रित झाला. आता नायक ब्रॅड पिट वेल्समधल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रयोगशाळेत पोहोचतो. मोजके झोंबी, पांढरे कॉरिडॉर, आणि पायाखाली काही वाजलं तर संपलंच. पुढे काचेपलीकडे उभा राहून दात वाजवणारा तो एक झोंबी! आधी जगभर पळालेल्या हजारोंनी मिळून जे केलं नाही, ते हा एकटा करून जातो. (त्यानंतर नायक व्हेंडिंग मशीनमधून पेप्सी काढून पितो, त्यावर मी काही बोलत नाही.) सुरुवातीलाही असा एक क्षण आहे. तोंडात बाधित रक्त गेल्याची शंका येते तेव्हा तो गच्चीच्या कडेला जाऊन उभा राहतो आणि सेकंद मोजतो. आपण बदलायला लागलो तर बायकापोरांपासून दूर, खाली पडावं म्हणून. या दोन जागा काढल्या तर सिनेमात घाबरण्यासारखं फारसं काही उरत नाही.

दिग्दर्शक तोच असला तरी सिनेमाची जात बदलू शकते, हे दक्षिण कोरियाच्या योन सांग-होने दाखवून दिलं. ‘ट्रेन टू बुसान’मध्ये (२०१६) डबे अरुंद, दारं काचेची, आणि पलीकडे कोण अडकलंय हे प्रत्येक वेळी माहीत असतं. २०२० च्या ‘पेनिन्सुला’त हाताशी पैसा जास्त होता. तिथे ओसाड शहरात रात्री गाड्यांचे पाठलाग होतात आणि झोंबी बंपरवर आपटून उडतात. एक पोरगी झकास गाडी चालवते, मीही टाळ्या वाजवल्या. पण उडणाऱ्यांमध्ये कुणाची आई होती का, असं मनातसुद्धा आलं नाही.

आपला ‘झोंबिवली’ (२०२२) आणि त्याआधीचा हिंदी ‘गो गोवा गॉन’ (२०१३) या वादात ओढू नयेत. ते विनोदाच्या वाटेने जातात आणि त्यांचा हिशेब निराळा.

तिकीट काढण्याआधी ओळखायचं असेल तर ट्रेलर आवाज बंद करून बघा. झोंबी वरून, लांबून, लोंढ्याने दिसत असतील तर ॲक्शन. मग तो मोठ्या पडद्यावर, मित्रांचं टोळकं घेऊनच बघावा, मोबाइलवर त्याची पार रया जाते. कॅमेरा एखाद्या बंद दारासमोर थांबला असेल आणि दाराबाहेरच्यासाठी आतला माणूस रडताना दिसत असेल, तर लहान भावंडांना बरोबर नेऊ नका.