सव्वा महिन्याच्या आतली तपासणी

इंदूरमध्ये रामबागेतल्या आमच्या एका परिचित कुटुंबात दोन वर्षांपूर्वी नातीचा जन्म एकतिसाव्या आठवड्यात झाला. वजन १,४०० ग्रॅम. तीन आठवडे ती पेटीत होती, त्यातले काही दिवस ऑक्सिजनवर, आणि मग एकदाची घरी आली. डिस्चार्ज कार्डाच्या अगदी तळाशी पेनाने ‘आरओपी तपासणी’ एवढेच दोन शब्द लिहिलेले होते. ती केव्हा करायची, कुठे करायची आणि कशासाठी, याचा कुठेही उल्लेख नव्हता. मुलगा म्हणाला, “आई, एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून आणू.” आजी म्हणाल्या, “अरे, सव्वा महिना तरी होऊ दे. एवढ्याशा जिवाला त्या गर्दीत कुठे नेतोस?”

आजींचे म्हणणे अडाणीपणाचे मुळीच नव्हते. दीड किलोच्या आतल्या बाळाला जंतुसंसर्गापासून जपायला हवे, हे कोणताही बालरोगतज्ज्ञ सांगेल. अडचण एवढीच, की ज्या आजारासाठी ते दोन शब्द लिहिले होते, तो आजार नेमका या सव्वा महिन्याच्या सुमारासच डोके वर काढतो आणि काही बाळांमध्ये त्यानंतर थोड्याच आठवड्यांत हाताबाहेर जातो.

आजाराचे पूर्ण नाव रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी. तो समजून घ्यायचा तर डोळ्याच्या आतल्या पडद्यापासून, म्हणजे दृष्टिपटलापासून सुरुवात करावी लागते. गर्भाच्या साधारण सोळाव्या आठवड्यात डोळ्याच्या मागच्या बाजूला, जिथून डोळ्याची मुख्य नस मेंदूकडे जाते तिथून, बारीक रक्तवाहिन्या फुटू लागतात आणि एखाद्या झाडाच्या फांद्यांसारख्या कडेकडे पसरत जातात. नाकाच्या बाजूची कड त्या छत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास गाठतात आणि कानशिलाच्या बाजूची थेट चाळिसाव्या आठवड्याच्या सुमारास. जे बाळ एकतिसाव्या आठवड्यात जन्माला येते, त्याच्या दृष्टिपटलाचा कडेचा भाग त्या वेळी रक्तवाहिन्यांविना कोराच असतो.

आईच्या पोटात बाळाला ऑक्सिजन तुलनेने कमी मिळतो आणि त्या कमतरतेच्या हाकेवरच रक्तवाहिन्या पुढे सरकत असतात. बाळ लवकर बाहेर आले, की त्याच्या रक्तातला ऑक्सिजन एकाएकी वाढतो. वरून दिला जाणारा ऑक्सिजन बेताने मोजला नसेल, तर आणखीच वाढतो. हाक थांबते आणि वाढही थांबते. इकडे दृष्टिपटल मात्र वाढतच असते, त्याची गरज वाढत जाते, आणि काही आठवड्यांनी कडेचा उपाशी भाग व्हीईजीएफ नावाचे प्रथिन भरमसाट प्रमाणात सोडू लागतो. त्या प्रथिनाच्या प्रभावाने ज्या नव्या वाहिन्या येतात, त्या कच्च्या, गळक्या आणि वाट चुकलेल्या असतात. दृष्टिपटलावरून पसरण्याऐवजी त्या डोळ्याच्या पोकळीत शिरतात, त्यांच्याभोवती तंतू जमतात, आणि ते तंतू आखडले म्हणजे दृष्टिपटल भिंतीवरून पोपडा सुटावा तसे सुटून येते.

जन्माच्या दिवशी डोळे तपासून उपयोग नाही तो याचमुळे, कारण तेव्हा आजार झालेलाच नसतो. आणि तो होतो तेव्हा बाहेरून काहीच दिसत नाही: डोळा लाल होत नाही, चिपडे येत नाहीत, बाळ कुरकुरत नाही. तीन-चार महिन्यांनी ‘बाळ नजर का देत नाही’ असे आईला वाटू लागते किंवा बाहुलीच्या जागी पांढुरकेपणा दिसतो, तोवर पडदा बहुधा पूर्ण सुटलेला असतो आणि शस्त्रक्रियेने हाती फार थोडे लागते.

बोस्टनचे नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी १९४२ मध्ये या आजाराचे पहिले वर्णन केले, तेव्हा त्याचे कारण कोणालाच उमगत नव्हते. मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी १९५१ मध्ये अतिरिक्त ऑक्सिजनकडे बोट दाखवले, परंतु तोवर जगभरात सुमारे १०,००० मुलांची दृष्टी गेली होती. त्यानंतर ऑक्सिजन सरसकट तोडण्यात आला, तर बाळे दगावू लागली. आज बहुतेक नवजात कक्षांत अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण साधारण ९० ते ९५ टक्क्यांच्या पट्ट्यात राखण्याचा प्रयत्न असतो. जिथे ऑक्सिजन हवेत मिसळून देण्याची सोय नसते आणि मोजमापही सतत होत नाही, तिथे थोड्या मोठ्या, थोड्या जड बाळांनाही हा आजार गाठतो. अमेरिकेत साधारणतः १,५०० ग्रॅम किंवा ३० आठवडे ही तपासणीची मर्यादा आहे. आपल्याकडे मात्र २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे डोळे तपासावेत असे सांगितलेले आहे, आणि ३४ ते ३६ आठवड्यांच्या बाळाला ऑक्सिजन, जंतुसंसर्ग किंवा रक्त देण्याची वेळ आली असेल तर त्याचेही. पहिली तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत व्हायला हवी; २८ आठवड्यांच्या आतल्या किंवा १,२०० ग्रॅमपेक्षा लहान बाळांची दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच.

आता हे तीस दिवस नकाशावर ठेवून पाहावेत. झाबुआ, आलिराजपूर, बडवानी, खरगोन, बऱ्हाणपूर या जिल्ह्यांतून गंभीर रुग्ण इंदूरकडे येतात, आणि यांतली बरीचशी गावे दीडशे किलोमीटर किंवा त्याहून लांब आहेत. जिल्हा रुग्णालयांतल्या नवजात कक्षांमुळे पूर्वी दगावली असती अशी बाळे आता जगतात, हे मोठेच यश आहे. पण नेमक्या याच बाळांना या आजाराचा धोका असतो. त्यांचे दृष्टिपटल पाहण्याचा पारंपरिक मार्ग म्हणजे डोक्यावर दिव्याचे यंत्र बांधून हातातल्या भिंगातून डोळ्यात बघणे. ते कसब मोजक्या तज्ज्ञांकडे असते आणि ते तज्ज्ञ मोठ्या शहरांत असतात. काही मिनिटांच्या तपासणीसाठी ओली बाळंतीण दीड किलोचे बाळ घेऊन बसने शहर गाठणार, आणि तेही एकदा नव्हे तर दर आठवड्या-पंधरवड्याला, ही अपेक्षाच अवास्तव आहे. त्या आईला दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

टेलिमेडिसिनने हा प्रवास उलटा केला. बंगळूरच्या नारायण नेत्रालयात डॉ. आनंद विनेकर यांच्या पुढाकाराने २००८ मध्ये ‘किड्रॉप’ हा उपक्रम सुरू झाला. त्यात डॉक्टर नसलेले, पण कसून तयार केलेले तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन ठरलेल्या दिवशी कर्नाटकातल्या जिल्ह्यांच्या नवजात कक्षांत जातात, बाळांच्या दृष्टिपटलाची छायाचित्रे काढतात, आणि दूर बसलेला तज्ज्ञ ती पाहून निदान कळवतो. लाल, नारिंगी आणि हिरवा अशा तीन रंगांत बाळांची वर्गवारी होते, त्यामुळे ज्याला तातडीने उपचार हवेत ते बाळ गर्दीत हरवत नाही.

रामबागेतल्या त्या बाळाची तपासणी अशाच पद्धतीने झाली. सत्ताविसाव्या दिवशी, शहरातल्या एका रुग्णालयाच्या नवजात कक्षात, जिथे आठवड्यातून एकदा कॅमेरा येत असे. मी सोबत गेलो होतो. बाळाला तासभर आधी दूध द्यायचे नाही असे बजावले होते, कारण तपासणीत उलटी होऊन ते श्वासनलिकेत जाऊ शकते. बाहुल्या मोठ्या होण्यासाठी थोड्या थोड्या वेळाने थेंब टाकले गेले. मग परिचारिकेने तिला दुपट्यात घट्ट गुंडाळले, पायाला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर लावला, डोळा बधिर करणारा थेंब टाकला, आणि जिभेवर साखरेच्या पाण्याचे दोन थेंब ठेवले. त्या गोडव्याने बाळाला वेदना कमी जाणवतात, हे अभ्यासांतून दिसलेले आहे. पापण्या उघड्या ठेवणारी तारेची चिमटी इतकी लहान, की ती अंगठ्याच्या नखावर मावावी. बुबुळावर जेलचा ठिपका, त्यावर कॅमेऱ्याचे टोक अलगद टेकवलेले, आणि पडद्यावर एकदम नारिंगी गोल उगवला. एका फोटोत सुमारे १२० ते १३० अंशांचा भाग येतो, म्हणून मध्यभाग, वर, खाली, नाकाकडे, कानशिलाकडे असे कॅमेरा कलता करत फोटो घेतले गेले. बाळ रडले, पण उचलून घेताच शांत झाले. आजी मात्र बराच वेळ पदराने डोळे टिपत होत्या.

त्या फोटोंत मुळाशी रक्तवाहिन्या सरळ होत्या. त्या फुगलेल्या आणि नागमोडी झालेल्या असत्या तर ती धोक्याची खूण ठरली असती. कानशिलाच्या बाजूला मात्र, जिथे रक्तवाहिन्यांचा भाग संपून कोरा भाग सुरू होत होता, तिथे शेताच्या बांधासारखी उंचावलेली एक फिकट रेघ होती. नुसती रेघ ही पहिली पायरी, बांध ही दुसरी. त्या बांधावर नव्या वाहिन्या उगवल्या की तिसरी, पडदा अंशतः सुटला की चौथी, आणि पूर्ण सुटला की पाचवी. हिची दुसरी होती. संध्याकाळी अहवाल आला: उपचार नको, पण आठवड्याने पुन्हा फोटो.

फोटोवरून केलेले निदान भरवशाचे असते का, ही शंका रास्त आहे. उत्तर अमेरिकेत १,२५७ बाळांवर झालेला ‘ई-रॉप’ हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तज्ज्ञाकडे पाठवण्याइतका आजार असलेल्या दर १०० बाळांपैकी ९० बाळे प्रशिक्षित वाचकांनी केवळ छायाचित्रांवरून ओळखली, आणि तसा आजार नसलेल्या दर १०० पैकी ८७ जणांना बरोबर वगळले. उरलेली १० बाळे विसरून चालणार नाही. म्हणूनच एका चांगल्या फोटोवर विसंबून फाइल बंद करत नाहीत, तपासणी पुन्हा पुन्हा होते. दृष्टिपटलाची अगदी टोकाची कड कॅमेऱ्यात नीट येत नाही, त्यामुळे अनेक तज्ज्ञ शेवटची तपासणी स्वतःच्या डोळ्यांनी करणे पसंत करतात. फोटो वाचणाऱ्या संगणकीय प्रणालीही आता तयार होत आहेत, पण त्यांनाही आधी स्वच्छ फोटो हवा, आणि तो प्रशिक्षित हातच काढू शकतो.

फोटो पाठवता येतो, उपचार पाठवता येत नाही. आजार उपचाराच्या टप्प्यावर आला, की ४८ ते ७२ तासांच्या आत लेझर व्हावा लागतो किंवा डोळ्यात व्हीईजीएफला रोखणारे इंजेक्शन द्यावे लागते, आणि इंजेक्शननंतर आजार काही आठवड्यांनी परतू शकत असल्याने पुढेही दीर्घकाळ लक्ष ठेवावे लागते. म्हणजे लाल रंगाचा अहवाल येईल त्याच दिवशी गाडी कुठली, डॉक्टर कोण आणि खर्च कोण करणार, हे आधीच ठरलेले असायला हवे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, म्हणजे आरबीएसकेमध्ये, या आजाराचा समावेश आहे, ही गोष्ट कितीतरी पालकांपर्यंत पोहोचलेलीच नाही.

आणि ते सांगणे ही केवळ सौजन्याची बाब नाही. तपासणीचा सल्ला वेळेवर न मिळाल्याने दृष्टी गमावलेल्या तमिळनाडूतील एका मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. ती मुलगी एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मली होती आणि तिचे वजन १,२५० ग्रॅम होते. माझ्या मते डिस्चार्ज कार्डावर ‘आरओपी तपासणी’ असे शब्द नकोत, तारीख हवी. आणि शक्य असेल तिथे पहिले फोटो बाळ घरी जाण्यापूर्वीच, त्याच्या पेटीशेजारीच काढले जावेत. मग सव्वा महिना घरी पाळायचा की नाही, हा प्रश्नच उरत नाही.

रामबागेतल्या बाळाचे आणखी चार वेळा फोटो घेतले गेले. तिसऱ्या वेळी बांध ओसरू लागला होता. बऱ्याच बाळांत दुसऱ्या पायरीवरचा आजार असा आपोआप ओसरतो. शेवटच्या वेळी तज्ज्ञांनी स्वतः भिंगातून पाहिले, तेव्हा रक्तवाहिन्या कानशिलाकडच्या कडेपर्यंत पोहोचल्या होत्या. अपुऱ्या दिवसांच्या मुलांना पुढे चष्मा लागण्याची आणि तिरळेपणाची शक्यता अधिक असते, म्हणून त्यांनी कार्डावर पुढच्या वर्षीची तारीख घातली, आणि घरी येताच आजींनी ती कालनिर्णयाच्या शेवटच्या पानामागे लिहून ठेवली.