‘नेब्रास्का’: कच्च्या कॅसेटवरच्या गोष्टी

१९८० साली आलेल्या ‘द रिव्हर’ या दुहेरी अल्बममुळे रॉक गायक-गीतकार ब्रूस स्प्रिंगस्टीन प्रथमच अमेरिकेतील विक्रीच्या यादीत अग्रस्थानी पोहोचला. पुढचा अल्बमही त्याच्या साथीदार ई स्ट्रीट बँडच्या दणदणाटातच होणार, असे सर्वांनी गृहीत धरले होते. १९८२च्या जानेवारीत मात्र त्याने न्यू जर्सीतील कोल्ट्स नेक येथील भाड्याच्या घरी, प्रामुख्याने गिटार आणि माउथ ऑर्गनच्या साथीने, चार ट्रॅकच्या साध्या कॅसेट रेकॉर्डरवर नवी गाणी ध्वनिमुद्रित केली. बँडला चालींची कल्पना यावी, एवढाच त्यामागचा हेतू होता.

याच गाण्यांचा पुढे ‘नेब्रास्का’ हा अल्बम झाला. त्याच्या शीर्षकगीताचे मूळ अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील एका खऱ्या हत्यासत्रात आहे. चार्ल्स स्टार्कवेदर या १९ वर्षांच्या तरुणाने डिसेंबर १९५७ आणि जानेवारी १९५८ मध्ये अकरा जणांचे बळी घेतले आणि जून १९५९ मध्ये त्याला विजेच्या खुर्चीत देहदंड देण्यात आला. या घटनांवर बेतलेला टेरेन्स मॅलिकचा १९७३चा चित्रपट पाहिल्यावर स्प्रिंगस्टीनने प्रकरणाचा अभ्यास केला आणि गाणे खुद्द मारेकऱ्याच्याच तोंडी घातले. गाण्यातला हा माणूस पश्चात्ताप करत नाही आणि गायकही त्याच्या वतीने तो करत नाही. या अल्बमचे खरे बळ या अलिप्ततेत आहे, असे मला वाटते.

‘जॉनी ९९’ या गाण्यामागे न्यू जर्सीतील माहवा येथील फोर्डचा मोटार कारखाना आहे. तो १९८०मध्ये बंद पडला. बेकार झालेला नायक दारूच्या नशेत एकावर गोळी झाडतो आणि न्यायालयात सांगतो, की प्रामाणिक माणसाला फेडता येणार नाही एवढे कर्ज डोक्यावर आहे. हीच तक्रार ‘अटलांटिक सिटी’च्या निवेदकाच्याही तोंडी आहे, आणि ही पुनरुक्ती अनवधानाने झाली असेल असे वाटत नाही. ‘हायवे पेट्रोलमन’मधील जो रॉबर्ट्सची कथा सर्वांत भरीव आहे: गव्हाचे भाव कोसळून शेती परवडेनाशी होते, तो पोलिसात भरती होतो आणि शेवटी गुन्हा करून पळणाऱ्या भावाचा पाठलाग करताना कॅनडाच्या सीमेजवळ स्वतःच गाडी बाजूला घेऊन त्याला निसटू देतो.

पुढे स्टुडिओत बँडसह हीच गाणी वाजवून पाहिली गेली, पण निवेदकांचे एकाकीपण वाद्यांच्या गर्दीत हरवू लागले. अखेर स्प्रिंगस्टीन बरेच दिवस खिशात बाळगत असलेली ती मूळ कॅसेटच अल्बम म्हणून काढायचे ठरले. तिच्यावरून तबकडीसाठी योग्य प्रत तयार करताना तंत्रज्ञांची मोठी दमछाक झाली. ३० सप्टेंबर १९८२ रोजी दहा गाण्यांचा अल्बम प्रसिद्ध झाला आणि त्यासाठी दौरा काढण्यात आला नाही.

त्या जानेवारीतल्या ध्वनिमुद्रणांत ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ही होते. १९८४मध्ये ते बँडच्या गजरात आले, तेव्हा अनेकांनी व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकाची ही कैफियत देशाभिमानाचे गाणे समजून डोक्यावर घेतली. १९९८मध्ये बाहेर आलेले त्याचे मूळ, एकट्या गिटारवरचे रूप ऐकताना असा गैरसमज होणे अवघड आहे.