सिग्नोसिस

सिग्नोसिस : व्हिडिओ गेम तयार करणारी आणि प्रकाशित करणारी लिव्हरपूलमधील ब्रिटिश कंपनी. स्थापना १९८४. १९९३ मध्ये ती सोनीने विकत घेतली. पुढे ‘स्टुडिओ लिव्हरपूल’ या नावाने काम करत असताना २२ ऑगस्ट २०१२ रोजी ती बंद करण्यात आली.

तिचा जन्मच एका दिवाळखोरीतून झाला. घरगुती संगणकांच्या तेजीत लिव्हरपूलच्याच ‘इमॅजिन सॉफ्टवेअर’ने बक्कळ पैसा मिळवला, तितक्याच सढळ हाताने उधळला आणि १९८४ च्या उन्हाळ्यात तिचे दिवाळे निघाले. त्या वेळी बीबीसीचे पथक तेथे चित्रीकरण करत होते, त्यामुळे ही पडझड कॅमेऱ्यात टिपली गेली. तेथून बाहेर पडलेल्या इयान हेदरिंग्टन आणि डेव्हिड लॉसन यांनी जोनाथन एलिस यांच्यासह सिग्नोसिस काढली. इमॅजिनच्या अपुऱ्या राहिलेल्या ‘बँडरस्नॅच’ या गेमच्या कल्पनेतूनच ‘ब्रॅटाकस’ हा तिचा पहिला गेम आला.

दिसण्यावर या कंपनीचा विलक्षण भर होता. घुबडाचे बोधचिन्ह आणि अनेक वेष्टनांवरील चित्रे चित्रकार रॉजर डीन यांची. ‘शॅडो ऑफ द बीस्ट’मध्ये (१९८९) पार्श्वभूमीचे अनेक थर वेगवेगळ्या गतीने सरकत, अमिगा संगणक काय करू शकतो हे दाखवायला हाच गेम लावला जाई. खेळ म्हणून तो तितका रंगत नाही, हा आक्षेप मात्र रास्त आहे. ती उणीव ‘लेमिंग्ज’ने (१९९१) भरून काढली. हे दोन्ही गेम बाहेरच्यांनी घडवले होते : पहिला रिफ्लेक्शन्स या स्टुडिओने, दुसरा स्कॉटलंडमधील डंडीच्या डीएमए डिझाईनने. दुसऱ्यांमधले कसब हेरणे हेच सिग्नोसिसचे खरे बळ होते.

सोनीला नेमके हेच हवे होते. प्लेस्टेशन या सोनीच्या गेम कन्सोलसाठी गेम लिहिण्याची साधने साध्या पीसीवर चालावीत, यासाठी सिग्नोसिसने एसएन सिस्टिम्स या कंपनीच्या साहाय्याने संच तयार केला आणि बाहेरच्या स्टुडिओंचे काम सुकर झाले. १९९५ मध्ये युरोपात प्लेस्टेशनबरोबरच ‘वाइपआउट’ आला. भविष्यातील वेगवान यानांची शर्यत, शेफील्डच्या ‘द डिझायनर्स रिपब्लिक’ या डिझाइन स्टुडिओची मांडणी आणि क्लबमधले इलेक्ट्रॉनिक संगीत यांमुळे कन्सोल तरुण प्रौढांच्या दिवाणखान्यात पोहोचला.

मालक सोनी असूनही सिग्नोसिस पीसी आणि सेगा सॅटर्न, निन्टेंडो ६४ या प्रतिस्पर्धी कन्सोलसाठीही गेम काढत राहिली. ही मोकळीक फार टिकली नाही. शतक बदलताना प्रकाशनाचे काम सोनीने आपल्या हाती घेतले आणि जुने नावही पुसले गेले. उरलेला स्टुडिओ ‘वाइपआउट’ आणि फॉर्म्युला वन या दोन मालिकांवर उभा होता. फॉर्म्युला वनचा परवाना सोनीकडून गेल्यावर त्यातला एक आधार निखळला. ‘वाइपआउट २०४८’ (२०१२) हा त्याचा शेवटचा गेम. बंद करताना सोनीने इतर स्टुडिओंवर गुंतवणूक केंद्रित करण्याचे कारण दिले. ज्या गेमने प्लेस्टेशनला युरोपात रूप दिले, त्याच्या घराला एवढे त्रोटक कारण अपुरे वाटते.

येथील काही माजी कर्मचाऱ्यांनी त्याच वर्षी लिव्हरपूलमध्ये ‘फायरस्प्राइट’ हा स्टुडिओ सुरू केला. २०२१ मध्ये सोनीने तोही विकत घेतला.